चीनची सहल ठरवताना: पासपोर्ट आधी, शहरं नंतर

भारतीयांना चीनचा पर्यटक व्हिसा पुन्हा मिळू लागला आणि आमच्या सहल कंपनीचे फोनही पुन्हा सुरू झाले. बहुतेक जण तेच ते विचारतात: दहा दिवसांत किती शहरं होतील, शाकाहारी मिळेल का, गुगल चालतं का. ही सगळी उत्तरं पुढे दिली आहेत. पण सहलीच्या तयारीत आमचा सर्वांत जास्त वेळ ज्या गोष्टीत जातो ती कोणीच विचारत नाही, म्हणून तिच्यापासून सुरुवात करतो.

पासपोर्ट हेच तिकीट

चीनमध्ये वेगवान रेल्वेचं तिकीट प्रवाशाच्या नावावर आणि पासपोर्ट क्रमांकावर निघतं. हातात कागद मिळत नाही. स्टेशनावर स्वयंचलित फाटकं असतात, पण आपल्याला बऱ्याचदा त्यांच्या कडेच्या, कर्मचारी उभा असलेल्या रांगेतून जावं लागतं. तो पासपोर्ट यंत्रावर ठेवतो, पडद्यावर तुमचं नाव आणि आसन आलं की पुढे सोडतो. नाही आलं तर खिडकीकडे बोट दाखवतो. गाडी सुटायच्या काही मिनिटं आधी फाटक बंद होतं, तोवर खिडकीवरचं काम उरकलं तर ठीक.

हीच पद्धत बीजिंगच्या फॉरबिडन सिटीला, शिआनच्या टेराकोटा सैनिकांच्या संग्रहालयाला आणि अनेक मोठ्या संग्रहालयांना आहे. तिआनआनमेन चौकात नुसतं उभं राहायचं तरी आधी पासपोर्ट क्रमांकावर नोंदणी लागते. हॉटेलवालेही पासपोर्ट बघूनच खोली देतात, कारण तुमची नोंद त्यांना पोलिसांकडे करावी लागते.

म्हणजे तुम्ही आम्हाला पाठवलेला क्रमांक सहलीत ठिकठिकाणी वापरला जातो. त्यातला एक आकडा चुकला की चूक एका जागी राहत नाही.

या चुका होतात कशा, तेही सांगतो. काही जण आधार कार्डाचा फोटो पाठवतात. काही जण पासपोर्टचं फक्त शेवटचं, पत्त्याचं पान पाठवतात. काहींच्या फोटोत प्लॅस्टिकवर दिव्याची तिरीप पडलेली असते आणि नेमका तिसरा आकडा दिसत नाही. काही जण क्रमांक व्हॉट्सअॅपवर टाइप करतात आणि शून्याच्या जागी इंग्रजी ओ लिहितात. भारतीय पासपोर्टात पहिलं एक अक्षर आणि पुढे सात आकडेच असतात, एवढं लक्षात ठेवलं तरी अर्धी चूक टळते.

नावाचा घोळ खास आपल्या महाराष्ट्रातला. आपण वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मध्ये लावतो. ते पासपोर्टात कधी स्वतःच्या नावाला जोडून आलेलं असतं, कधी नसतं. काकूंच्या पासपोर्टावर ‘सुनीता रमेश’ आणि आडनाव वेगळ्या रकान्यात, पण विमानाचं तिकीट मुलाने माइल्स वापरून परस्पर काढलं ते नुसतं ‘सुनीता’ आणि आडनाव. लग्नानंतर बँकेत नाव बदललं, पासपोर्टात माहेरचंच राहिलं, हेही नेहमीचं. काहींचा आडनावाचा रकाना रिकामाच असतो. यातलं काहीही असेल तर पहिल्या फोनलाच सांगा. लाजण्यासारखं त्यात काही नाही आणि आम्हाला त्याची सवय आहे. विमान, व्हिसा, रेल्वे, सगळीकडे नाव पासपोर्टात छापलंय तसंच हवं. घरी कोणत्या नावाने हाक मारतात याच्याशी त्या यंत्राला देणंघेणं नाही.

आणि सर्वांत महाग पडणारी गोष्ट: मधल्या काळात पासपोर्ट नवा करून घेणं. नूतनीकरण झालं की क्रमांक बदलतो. एका गटातल्या काकांनी आम्हाला प्रत दिल्यावर पासपोर्ट नवा करून घेतला आणि व्हिसाही नव्यावर स्वतःच काढला. फक्त आम्हाला सांगायचं राहिलं. बीजिंगच्या स्टेशनात पडद्यावर त्यांचं नाव येईना. जुना पासपोर्ट घरी कपाटात. बाकीचा गट गाडीत बसला, आमचा माणूस काकांबरोबर मागे थांबला, दोघं पुढच्या गाडीने पोचले आणि तो दिवस दोघांचाही वाया गेला. काकांनी मनावर घेतलं नाही, उलट स्टेशनातली नूडल्स बरी होती म्हणाले. काकूंनी मात्र घेतलं.

म्हणून आमचा नियम आहे: पासपोर्टची मुदत प्रवासाच्या तारखेपासून वर्षभरात संपत असेल तर आधी नूतनीकरण करा, मग आमच्याकडे या. व्हिसाला सहा महिने पुरतात हे आम्हालाही माहीत आहे. पण वर्षभर म्हटलं की मधल्या काळात कोणाला पासपोर्ट ऑफिस आठवत नाही. आम्ही प्रत दोनदा मागतो, एकदा नोंदणीला आणि एकदा रेल्वेची तिकिटं काढण्याच्या तोंडावर. “एकदा दिली की हो” असं दर वेळी ऐकून घेतो आणि तरीही मागतो. रेल्वेची तिकिटं साधारण १५ दिवस आधी खुली होतात, फॉरबिडन सिटीची ७ दिवस आधी. मोसमात ती बघता बघता संपतात, त्या वेळी तुमचा क्रमांक शोधत बसायला आम्हाला सवड नसते.

‘व्हिसा लागत नाही म्हणे’

रीलमध्ये बघितलं, चीनला दहा दिवस व्हिसाशिवाय जाता येतं. हे आम्हाला रोज कोणीतरी सांगतं. ती २४० तासांची सवलत ठरावीक देशांच्या नागरिकांना, तिसऱ्या देशात पुढे जाताना मिळते. त्या यादीत भारत नाही. आपल्याला व्हिसा लागतो.

किती शहरं?

बीजिंग, शिआन, चेंगडू, चोंगचिंग, शांघाय, ग्वांगझौ आणि हाँगकाँग, नऊ रात्रींत. अशी यादी घेऊन लोक येतात आणि दुसऱ्या एका कंपनीने हो म्हटलंय असंही सांगतात. म्हटलं असेल. आम्ही म्हणत नाही. हाँगकाँगला नियम वेगळे आहेत, आणि एकदा तिथे बाहेर पडून परत मुख्य भूमीवर यायचं तर दोनदा प्रवेशाचा व्हिसा लागतो, हे त्या यादीत कुठेच लिहिलेलं नसतं.

शहर बदलण्याचा दिवस म्हणजे अर्धा दिवस गेला असं धरा. चिनी स्टेशनं विमानतळासारखी असतात: सामानाची तपासणी, लांब चालणं, आधी पोचणं. बीजिंग ते शांघाय १३१८ किलोमीटर साडेचार तासांत होतात हे खरं, पण हॉटेल सोडण्यापासून दुसऱ्या हॉटेलात पाय पसरेपर्यंत आठ तास जातात. दहा-बारा रात्रींना चार मुक्काम, हे आमचं माप आहे.

आमचा नेहमीचा रस्ता बीजिंग, लुओयांग, शिआन, शांघाय असा जातो. बीजिंगला चार रात्री. फॉरबिडन सिटी सोमवारी बंद असते, त्यामुळे तुमचा सोमवार आम्ही चीनच्या भिंतीला किंवा टेम्पल ऑफ हेवनला लावतो. प्रवेश दक्षिणेच्या दाराने आणि बाहेर पडायचं उत्तरेला, म्हणून बस जिथे सोडते तिथे परत भेटत नाही. गुडघे दुखणाऱ्यांनी हे ऐकून ठेवावं, आत बसायला जागा कमी आहेत. १४२० मध्ये मिंग सम्राट युंगलोच्या काळात हा राजवाडा पुरा झाला. भिंतीसाठी आम्ही मुतियान्यूला नेतो, बादालिंगला नाही. दोन्हीकडे रोपवे आहे, पण मुतियान्यूला गर्दी कमी आणि उतरायला घसरगाडी आहे. आजोबांनाही तीच आवडते. संध्याकाळी ७९८ हा कलाविभाग. १९५० च्या दशकात पूर्व जर्मनीच्या मदतीने उभारलेले इलेक्ट्रॉनिक्सचे कारखाने, त्यांत आता चित्रदालनं आणि कॉफीची दुकानं आहेत.

‘आधी प्राचीन चीन, मग आधुनिक चीन’ अशी वाटणी करून मागू नका, असं आम्ही सांगतो ते याचसाठी. तसं करायला गेलं तर तिसऱ्या दिवशी सगळ्या छपरांचे कोपरे सारखेच वाटायला लागतात. सकाळी जुनं, संध्याकाळी नवं, असं ठेवलं की डोळा ताजा राहतो. शिआनला तर वेगळं करताच येत नाही: मिंग काळातल्या तटबंदीवर लोक सायकली चालवतात (पूर्ण फेरी सुमारे १४ किलोमीटरची), आणि खाली भाड्याने घेतलेल्या थांग काळातल्या पोशाखांत पोरी फोटो काढून घेत असतात. केसांत पिना खोचून देणाऱ्या बायका, हातात गोल दिवा घेतलेला फोटोग्राफर, मागे निऑनच्या पाट्या. तुम्हालाही तो पोशाख घालायचा असेल तर आधी सांगा, दुकान ठरवून ठेवतो.

शिआनला लोक टेराकोटा सैनिकांसाठी जातात. १९७४ मध्ये विहीर खणताना शेतकऱ्यांना सापडलेलं, चिन शी ह्वांग या पहिल्या सम्राटाच्या कबरीचं हे सैन्य. पण मराठी माणसाने त्याच शहरातला मोठा हंस पॅगोडा चुकवू नये. शाळेच्या पुस्तकातला ह्यू-एन-त्संग भारतातून ग्रंथ घेऊन परतला, ते ठेवायला ६५२ मध्ये हा बांधला. हाच प्रवासी दुसऱ्या पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रात येऊन गेला आणि इथली माणसं मानी आहेत, उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, अशा अर्थाचं लिहून गेला. पॅगोड्यासमोर हे सांगितलं की गटात हमखास हशा पिकतो.

लुओयांग बऱ्याच कंपन्या गाळतात. आम्ही गाळत नाही. वेरूळ-अजिंठा बघितलेल्याला लुंगमेनच्या लेण्यांपुढे वेगळंच वाटतं. काम ४९३ च्या सुमारास सुरू झालं, आणि सर्वांत मोठी वैरोचन बुद्धाची मूर्ती १७ मीटरहून उंच आहे. जवळच पांढऱ्या घोड्याचं मंदिर आहे. इसवी सन ६८ मधलं, दोन भारतीय भिक्षूंच्या नावाशी जोडलेलं. तिथे भारताने बांधून दिलेलं भारतीय शैलीचं बुद्धमंदिरही आहे. त्याचं उद्घाटन २०१० मध्ये तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांनी केलं.

बीजिंगहून लुओयांगला जाताना वाटेत शिजियाझुआंग लागतं. सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणिसांची समाधी आणि पुतळा तिथल्या हुतात्मा स्मारकात आहे. १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून ते गेले, ९ डिसेंबर १९४२ ला चीनमध्येच वारले. तिथे उतरायचं असेल तर रेल्वेची दोन वेगळी तिकिटं काढावी लागतात, म्हणून नोंदणीच्या वेळीच सांगा. सोलापूरकरांना आम्ही विचारत नाही, थांबा धरूनच चालतो.

शांघायचं जास्त सांगत नाही, ते आपलं आपण आवडतं. बंड या नदीकाठच्या रस्त्यावरून पलीकडचे मनोरे रात्री बघा, ६३२ मीटरचा शांघाय टॉवर दिवसा, आणि एक दिवस अर्ध्या तासावरच्या सुचौच्या बागांसाठी ठेवा.

तारखा

१ ते ७ ऑक्टोबर हा चीनचा राष्ट्रीय सुट्टीचा आठवडा. त्यात आम्ही सहल नेत नाही, कितीही आग्रह केला तरी. आपल्याकडे १ मे महाराष्ट्र दिन, तिकडे कामगार दिनाची सलग सुट्टी, त्यामुळे एप्रिलअखेरची सहलही टाळतो. चिनी नववर्षाला अर्धा देश गावी जातो. ऑक्टोबरचा उत्तरार्ध आणि एप्रिलचा पूर्वार्ध उत्तम. दिवाळीच्या सुट्टीत यायचं तर बीजिंगला स्वेटर लागेल.

जेवण, पैसे, फोन

शाकाहारी मिळतं, पण नुसतं ‘भाजी’ सांगून नाही. भाजीवर डुकराच्या मांसाचा खिमा पेरलेला असू शकतो, रस्सा कोंबडीचा असू शकतो. म्हणून आमचा माणूस स्वयंपाकघरात जाऊन बोलतो. जैन मंडळींना बौद्ध मंदिरांलगतची जेवणं सोयीची पडतात, तिथे कांदा-लसूणही नसतो. कंदमुळांचं मात्र वेगळं सांगावं लागतं. ठेपले, चटण्या न्या, सामानाच्या वजनाचं भान ठेवून. रेल्वेत माणशी २० किलो चालतात.

यूपीआय विसरा. अलीपे हे पैसे द्यायचं चिनी अॅप घरीच डाउनलोड करा, व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडा आणि पासपोर्टने ओळख पटवून घ्या. इथेही नाव पासपोर्टातलंच. बँकेचा ओटीपी भारतीय नंबरवर येतो, म्हणून ते सिम चालू ठेवा. २०० युआनपर्यंतच्या खरेदीवर परदेशी कार्डाला जादा शुल्क लागत नाही, त्यावर लागतं. गुगल आणि व्हॉट्सअॅप तिथल्या वायफायवर चालत नाहीत, आपल्या कंपनीचं आंतरराष्ट्रीय रोमिंग घेतलं तर साधारणपणे चालतात.

पॉवर बँकेचं नवं आहे: २८ जून २०२५ पासून चीनच्या देशांतर्गत विमानांत ३सी हे चिनी प्रमाणचिन्ह नसलेली पॉवर बँक नेता येत नाही. इथे घेतलेल्या बहुतेकांवर ते नसतं. शिआन ते शांघाय विमानाने जाणाऱ्यांनी महागडी पॉवर बँक घरीच ठेवावी.

स्वतः केलं तर?

करता येतं. चिनी रेल्वेच्या अॅपची इंग्रजी आवृत्ती आहे आणि दोन तरुण माणसं, फोन सराईतपणे वापरणारी, मजेत फिरून येतात. अशांना आम्ही फक्त व्हिसाची कागदपत्रं करून देतो आणि त्याचेच पैसे घेतो. आई-वडील बरोबर असतील, कोणाचं पथ्य असेल, किंवा बारा माणसांचे बारा पासपोर्ट सांभाळायचे असतील तर आमचा दर महाग वाटत नाही, असं परत आलेले लोक सांगतात.

नोंदणीला येताना मूळ पासपोर्ट आणा, आम्ही इथेच स्कॅन करतो. बाहेरगावी असाल तर पहिलं आणि शेवटचं पान सपाट ठेवून, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद करून स्कॅन करा आणि पीडीएफ ईमेलने पाठवा, व्हॉट्सअॅपवर फोटो नको. मधल्या काळात पासपोर्टात काहीही बदललं, अगदी पत्ता जरी, तरी त्याच दिवशी फोन करा. रविवारी ऑफिस बंद असतं, पण यासाठी केलेला फोन आम्ही उचलतो.