कासेतली कुजबुज मोडता येईल का?

गंगावेशीच्या कट्ट्यावर धारोष्ण दुधाचा पेला तोंडाला लावणारा कोल्हापूरकर म्हशीच्या कासेतल्या जिवाणूंचा विचार करत बसत नाही. गोठ्यातल्या माणसाला मात्र तो करावा लागतो. कास घट्ट होते, दुधात गाठी येतात, म्हणजे ‘दगडी’ झाली. मग सडात अँटिबायोटिकची ट्यूब सोडायची आणि औषधाचा अंश निघून जाईपर्यंत दूध डेअरीला घालायचं नाही. एवढं करूनही दुखणं पुन्हा उलटतं, विशेषतः स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा चिवट जिवाणू कासेत ठाण मांडून बसला असेल तर.

हा गडी शिरल्या शिरल्या सगळी विषं बाहेर काढत नाही. आधी आपली माणसं किती, याचा अंदाज घेतो. प्रत्येक पेशी ७ ते ९ अमिनो आम्लांची एक चिमुकली साखळी बाहेर सोडत राहते. जिवाणू मोजकेच असले तर ती विरून जाते. दाटी झाली की साचते, पेशींवरच्या ग्राहक-प्रथिनांना चिकटते, आणि मग साऱ्यांची विषनिर्मिती जवळपास एकाच वेळी सुरू होते. बिंदू चौकात पाच-दहा जण उभे असताना घोषणा द्यायला कुणी तोंड उघडत नाही, चौक भरला की आवाज चढतो, तसंच हे. शास्त्रज्ञ याला क्वोरम सेन्सिंग म्हणतात. नील्सन, प्लॅट आणि हेस्टिंग्ज यांनी १९७० मध्ये चमकणाऱ्या सागरी जिवाणूंत हा प्रकार दाखवला, तेव्हा त्याकडे फारसं कुणी गांभीर्यानं पाहिलं नाही.

जिवाणूंना न मारता ही कुजबुजच मोडली तर? निसर्गात हा उद्योग आधीपासून चालू आहे. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरचं डेलिसिया पुल्क्रा हे लाल शेवाळ फ्युरॅनोन नावाची रसायनं बनवून जिवाणूंचे निरोप अडवतं. बॅसिलस जातीच्या एका जिवाणूकडे तर निरोपाचा रेणूच फोडणारं विकर आहे. त्याचं जनुक बटाट्यात आणि तंबाखूत घातल्यावर मऊ कुजीचा, म्हणजे जिवाणूंमुळे झाड सडवणाऱ्या रोगाचा, जोर ओसरला, हे २००१ मध्ये प्रसिद्ध झालं. मला सगळ्यांत गंमत वाटते ती आपल्या स्टॅफिलोकॉकसची. त्याचे चार गट आहेत आणि एका गटाची साखळी बहुतेक वेळा दुसऱ्या गटाचं तोंड बंद करते. भाऊबंदकी तिथंही आहे!

मग अशी साखळी बनवून सडात सोडली की झालं? इथंच घोडं अडतं. स्टॅफिलोकॉकसची ही यंत्रणा बंद पडली की विषं कमी होतात खरी, पण जिवाणू एकमेकांना धरून चिकट थर जास्त जमवू लागतात. त्या थरात औषध नीट काम करत नाही. म्हणजे ताजं, तीव्र दुखणं सौम्य करण्याच्या नादात जुनाट दगडी पोसली जायची भीती. स्यूडोमोनास या दुसऱ्या एका जिवाणूचं गणित वेगळं. त्याच्यात संवाद तुटला की थर सहसा कच्चा राहतो. म्हणून ‘अँटिबायोटिकला पर्याय’ असे सरसकट मथळे मला पटत नाहीत. प्रत्येक जिवाणूचा हिशेब स्वतंत्र मांडावा लागणार, आणि बहुधा अँटिबायोटिकच्या जोडीनंच.

जिवाणूंना मारतच नाही म्हटल्यावर ते औषधाला सरावणार नाहीत, अशीही एक आशा होती. २०१२ मध्ये तिलाही तडा गेला. फ्युरॅनोनचाच एक कृत्रिम प्रकार स्यूडोमोनासवर वापरून पाहिला, तर त्याचे काही बदललेले वाण ते रसायन पेशीतून पंपानं बाहेर फेकताना सापडले.