कुऱ्हाड, सोयाबीन आणि एक लिफ्ट

१९४० साली हेन्री फोर्ड यांनी छायाचित्रकारांसमोर कुऱ्हाड उगारली आणि मोटारीच्या डिकीवर हाणली. पत्रा असता तर पोचा पडला असता. हे झाकण जसंच्या तसं राहिलं, कारण ते सोयाबीन घालून केलेल्या प्लास्टिकचं होतं.

फोर्ड शेतकऱ्याच्या घरात वाढले. शेतात पिकेल त्यातून कारखान्याचा माल निघावा, हा त्यांचा ध्यास. या विषयावरच्या परिषदेत, १९३७ साली डिअरबॉर्नला, त्यांची गाठ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांच्याशी पडली. मराठी वाचकाला कार्व्हर नव्याने सांगायला नकोत. गुलामीत जन्मलेला हा कृष्णवर्णीय शेतीशास्त्रज्ञ १८९६ पासून अलाबामातल्या टस्कीगीत शिकवत होता. कापसाने तिथल्या जमिनी पार थकल्या होत्या. त्यांनी शेतकऱ्यांना भुईमूग, चवळी पेरायला सांगितलं. या पिकांच्या मुळांवरच्या गाठींत रायझोबियम जिवाणू राहतात आणि हवेतला नत्र पिकाला वापरता येईल अशा रूपात आणतात. आपले शेतकरी 'बेवड चांगला' म्हणतात ते यासाठीच. पण पिकलेल्या शेंगा खपवायच्या कुठे? १९१६ च्या पुस्तिकेत त्यांनी भुईमुगाचे १०५ खाद्यप्रकार दिले. (पीनट बटर मात्र त्यांचा शोध नव्हे.) पेटंटं घेतली फक्त ३.

फोर्ड यांचं कोडं उलट्या टोकाचं होतं. सोयाबीनचं तेल मोटारींच्या रंगात जायचं, मागे उरायची पेंड. पेंडीतल्या प्रथिनांच्या लांब साखळ्या फॉर्माल्डिहाइड हे रसायन एकमेकींना बांधून टाकतं. जोडीला फिनॉलची राळ घालून गरम साच्यात दाबलं की कडक वस्तू तयार. हॉर्नची बटणं, गिअरच्या दांड्याच्या मुठी अशाच निघाल्या. खोट एवढीच, की प्रथिनं पाणी शोषतात. १९४१ मध्ये असल्या प्लास्टिकच्या पत्र्यांची अख्खी मोटार लोकांपुढे आली, ती एकच. मग अमेरिका युद्धात उतरली आणि तो नाद मागे पडला.

फोर्ड यांच्या वर्तमानपत्रातून पूर्वी ज्यूद्वेष ओकला गेला होता, हे विसरता येत नाही. तरी काळ्या-गोऱ्यांची पंगतही वेगळी असलेल्या त्या काळात ही दोस्ती टिकली. १९४२ च्या उन्हाळ्यात फोर्ड यांनी डिअरबॉर्नमध्ये आहार-संशोधनाची प्रयोगशाळा उघडली आणि तिला कार्व्हर यांचं नाव दिलं. तेव्हा दोघांनी रानभाज्यांचं सँडविच खाल्लं. आपल्याकडे घोळ, तांदुळजा खाणाऱ्याला त्यात नवल नाही. पण तो मोटारसम्राट होता!

टस्कीगीत कार्व्हर विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात वरच्या मजल्यावर राहत. सत्तरी उलटली, जिने चढवेनात. फोर्ड यांनी ते पाहिलं आणि तिथे लिफ्ट बसवून दिली. ५ जानेवारी १९४३ रोजी कार्व्हर वारले.