एअर प्युरिफायरचा फिल्टर धुवू नका हो! (वणव्याच्या दिवसांसाठी आमच्या ग्राहकांना माहिती)

फेब्रुवारी आला की सड्यावरचं गवत वाळतं, कुठेतरी वणवा पेटतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून आमचा फोन सुरू, "दादा, मशीन चालू आहे पण धुराचा त्रास तसाच." माणूस जाऊन बघतो तर बहुतेक वेळा एकच भानगड, फिल्टर धुतलेला!

एसीची जाळी नळाखाली धरायची सवय असते ना, तीच नडते. ती जाळी प्लास्टिकची, धूळ अडवते, धूर नाही. प्युरिफायरमधला पांढरा, घड्या घातलेला हेपा फिल्टर अगदी बारीक तंतूंचा असतो. धुरातले पीएम 2.5 कण केसाच्या जाडीच्या विसाव्या भागापेक्षाही लहान, ते या तंतूंत अडकतात. पाणी लागलं की तंतूंची वाट लागते, घड्या चिकटतात आणि आपल्याकडच्या दमट हवेत वर बुरशी धरते ती वेगळीच. परवा एकांनी आणला तो साबणाच्या वासाचा, उन्हात वाळवून पापड झालेला, आणि म्हणे वॉरंटीत बदलून द्या. नाही देता येत हो. व्हिजिट चार्ज लावतो म्हणून लोक चिडतात, पण धुतलेला फिल्टर बघायला चिपळूणहून गुहागरला गाडी काढायची म्हणजे आमचा अर्धा दिवस जातो.

धुवायची ती फक्त बाहेरची जाळी, तीसुद्धा खडखडीत वाळवूनच परत लावा. हेपा काळपट झाला की बदलायचा. कण अडतायत पण वास येतोय तर कार्बनचा थर (वास शोषून घेणारा) संपलाय.

अजून एक, कौलारू घरात ओटीवर मशीन ठेवून उपयोग नाही, कौलांतून धूर येतच राहतो. स्लॅबची किंवा माळ्याखालची एक खोली धरा, दारं-खिडक्या लावा, आत उदबत्ती आणि मच्छर कॉइल नको. रात्री वारा डोंगराकडून समुद्राकडे वाहतो, त्यामुळे वर वणवा असेल तर पहाटे धूर खाली उतरलेला असतो, तेव्हा फिरायला जाऊ नका. समीर या सरकारी ॲपवर एक्यूआय (हवेच्या प्रदूषणाचा आकडा) 200 च्या वर म्हणजे हवा खराब, पण हवा मोजणारं जवळचं स्टेशन लांब असेल तर समोरचा डोंगर धूसर दिसतोय का तेच बघा. ओल्या रुमालाने हे कण अडत नाहीत, एन-95 मास्क लावा. दम्याचा पेशंट असेल तर डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा, ते काम आमचं नाही.

फिल्टर जानेवारीतच मागवून ठेवतो, वणवा लागल्यावर सगळे एकदम येतात आणि मग आठ-आठ दिवस थांबावं लागतं. मशीनच्या मागच्या स्टिकरचा फोटो व्हॉट्सॲपवर टाका, बाकी आम्ही बघतो.