ताटातूट कोणी केली?

ऐतिहासिक प्रणयकादंबरीत जुने प्रेमिक वर्षांनी पुन्हा भेटतात, तेव्हा मधल्या दुराव्याला गैरसमज, घराण्याचा ताठा किंवा पैसा कारण असतो. समलिंगी प्रेमिकांच्या गोष्टीत मात्र बऱ्याचदा कायदाच आडवा आलेला असतो. इंग्लंडमध्ये १८६१पर्यंत पुरुषांमधल्या संभोगाला फाशीची शिक्षा होती. त्यापायी शेवटची फाशी १८३५ साली लंडनमध्ये दोघांना झाली. १८८५च्या कायद्याने तर चार भिंतींआडची जवळीकही तुरुंगात पोचवली. स्त्रियांसाठी असं कलम नव्हतं, पण १९२८ साली त्यांच्या प्रेमावरची एक कादंबरी लंडनच्या कोर्टाने अश्लील ठरवलीच.

मग पुस्तकातलं मीलन तरी कोण छापणार? इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टरने पुरुषांमधल्या प्रेमाची ‘मॉरिस’ ही कादंबरी १९१३-१४मध्ये लिहिली, पहिल्या भारतभेटीहून परतल्यावर. त्या भेटीत तो देवास संस्थानातही गेला होता. पुढे १९२१ साली तिथल्याच थोरल्या पातीचे राजे तुकोजीराव पवार यांचा तो खासगी चिटणीस झाला. ‘मॉरिस’चा शेवट गोडच करायचा, हा त्याचा हट्ट होता. नायक फासावर लटकला असता तर छापायला अडचण आली नसती, अशा अर्थाचं त्याने १९६०च्या टिपणात लिहून ठेवलंय. कायदा सैल झाला १९६७ला, फॉर्स्टर गेला १९७०ला आणि पुस्तक आलं १९७१ला. लिहिताना आजची असलेली कादंबरी बाहेर येईपर्यंत ऐतिहासिक झाली होती!

जुन्या ओढीने पुन्हा उचल खाल्ल्याची गोष्ट हवी असेल तर मेरी रेनॉची ‘द चॅरिअटिअर’ (१९५३) वाचावी. बदनामी होऊन शाळेतून काढलेला राल्फ जाताना धाकट्या लॉरीच्या हातात प्लेटोचं पुस्तक ठेवतो. दुसऱ्या महायुद्धात डंकर्कला जखमी झालेल्या लॉरीला तो पुन्हा भेटतो, तेव्हा दोघंही बदललेले असतात. युद्धकाळात रेनॉ स्वतः नर्स होती, त्यामुळे यातलं इस्पितळ खरं वाटतं. अमेरिकेत ही कादंबरी निघायला १९५९ उजाडलं.

तिकडे न्यूयॉर्कमध्ये अल्मा राउत्साँगने इझाबेल मिलर या टोपणनावाने १९६९ साली पदरच्या पैशाने एक कादंबरी छापली. एकोणिसाव्या शतकात न्यूयॉर्क राज्यात मैत्रिणीसोबत राहणाऱ्या मेरी ॲन विल्सन या चित्रकर्तीवरून ती सुचलेली. त्यातली सारा मुलाच्या वेशात एकटीच घर सोडते, भटकून परत येते आणि तिचं प्रेयसी पेशन्सशी पुन्हा जुळतं. या कादंबरीला १९७१मध्ये अमेरिकी ग्रंथालय संघटनेकडून गौरव मिळाला, मग १९७२मध्ये मोठ्या प्रकाशकाने ‘पेशन्स अँड सारा’ म्हणून ती काढली.

आता इंग्लंडच्या रीजन्सी काळातल्या, म्हणजे १८११ ते १८२०च्या, क्विअर (समलिंगी वगैरे) प्रणयकथा भरपूर निघतात. नाचाच्या हॉलात नजरानजर, जुनी पत्रं, शेवटी एकत्र घर. वाचायला मजा येते, पण दारावर थाप पडली की त्या काळच्या माणसाच्या पोटात जो गोळा आला असता, तो काही लेखक विसरतात. मग नायक दहा वर्षं गप्प का राहिला, हे पटत नाही.