हद गद्या

हद गद्या (अर्थ : 'एक करडू') हे ज्यूंच्या पेसाह (वल्हांडण) सणाच्या रात्री, सेदेर नावाच्या विधिभोजनाच्या अगदी शेवटी म्हटले जाणारे संचयी लोकगीत. पहिला वर्ण ह आणि ख यांच्या मधला, घशातून उच्चारायचा असल्याने 'खद गद्या' असेही लेखन आढळते. सेदेरच्या वेळी वाचायच्या 'हगादा' या पोथीतले हे अखेरचे गीत. मध्य व पूर्व युरोपातील, म्हणजे अश्केनाझी ज्यूंच्या प्रथेत ते रूढ झाले. सेफार्दी (मूळ स्पेन-पोर्तुगालकडच्या ज्यूंच्या) आणि येमेनी परंपरांच्या जुन्या हगादांत ते नव्हते. पुढे सेफार्दींनीही ते उचलले. त्यांच्या लादिनो भाषेतल्या 'उन काव्रेतिको' या रूपात बाप करडू विकत घेतो ते दोन 'लेवानीं'ना, म्हणजे दोन नाण्यांना.

गीताची दहा कडवी आहेत. बापाने दोन झुझांना (झुझ हे जुने नाणे) घेतलेले करडू मांजर खाते. मांजराला कुत्रा चावतो, कुत्र्याला काठी झोडपते, काठीला आग जाळते, आगीला पाणी विझवते, पाणी बैल पितो, बैलाला खाटीक कापतो, खाटकाला मृत्युदूत नेतो आणि शेवटी परमेश्वर मृत्युदूताला मारतो. प्रत्येक कडव्यात नवा दुवा जोडून मागची सगळी साखळी उलट म्हणायची असते. शेवटचे कडवे मराठीत साधारण असे होईल : 'मग आला पवित्र परमेश्वर, त्याने मारले मृत्युदूताला, ज्याने मारले खाटकाला, ज्याने कापला बैल, जो प्यायला पाणी, ज्याने विझवली आग, जिने जाळली काठी, जिने झोडपला कुत्रा, जो चावला मांजराला, ज्याने खाल्ले करडू, जे बापाने घेतले दोन झुझांना, एक करडू, एक करडू.' मुळात हे सगळे दुवे 'द' या एकाच अक्षराने जोडले जातात. मराठीत मात्र दर पायरीला जो-जी-जे बदलावे लागते आणि चाल अडखळते.

संचयी गीत आणि शृंखलागीत यांत फरक करायला हवा. भोंडल्यातल्या 'अक्कण माती चिक्कण माती' या गाण्यात मातीतून खड्डा, खड्ड्यात जाते, जात्यावर सपीठ अशी साखळी पुढे सरकते. पण प्रत्येक पायरीवर फक्त लगतची मागची वस्तू ('अस्सा खड्डा सुरेख बाई') पुन्हा येते. हद गद्यामध्ये मागचे काहीच सुटत नाही. त्यामुळे शेवटचे कडवे एका दमात म्हणणे हा लहान मुलांचा आवडीचा खेळ असतो. हे गीत हगादात आले ते मुलांना सेदेर संपेपर्यंत जागे ठेवण्यासाठी, असे बहुतेक अभ्यासक मानतात, आणि त्यात शंका घेण्याजोगे फारसे नाही.

उगमाबद्दल मात्र एकमत नाही. छापील हगादात हे गीत पहिल्यांदा आढळते ते 1590च्या प्राग आवृत्तीत, 'एहाद मी योदेआ' ('एक कोणाला ठाऊक?') या दुसऱ्या संचयी गीतासह. त्याच शहरात 1526 साली निघालेल्या प्रसिद्ध सचित्र हगादात ते नाही. एवढ्यावरून ते सोळाव्या शतकातच रचले गेले असे म्हणता येत नाही. मौखिक गीत छापले जाण्यापूर्वी कितीतरी पिढ्या गायले गेलेले असू शकते. ही दोन्ही गीते जर्मनीतील व्होर्म्स येथील मध्ययुगीन विद्वान एलआझार रोकेआह यांच्या अभ्यासगृहात एका हस्तलिखितात सापडली, अशी आख्यायिका जर्मन रब्बींमध्ये, म्हणजे ज्यू धर्मगुरूंमध्ये, होती. ती खरी धरल्यास काळ तेराव्या शतकापर्यंत मागे जातो, पण तिला दुजोरा देणारा स्वतंत्र पुरावा दुबळा आहे.

भाषेचा पुरावा अधिक बोलका आहे. गीत अरामी भाषेतले म्हणून ओळखले जाते आणि त्यामुळे ते तालमुद या ज्यू धर्मशास्त्रग्रंथाच्या काळाइतके प्राचीन असावे असा समज होता. बारकाईने पाहिल्यास त्यातली नामे बव्हंशी अरामी आहेत : शुन्रा (मांजर), कल्बा (कुत्रा), हुत्रा (काठी), नुरा (आग), तोरा (बैल). क्रियापदे मात्र हिब्रूच्या वळणाची आहेत. चावणे, झोडपणे, जाळणे, विझवणे, पिणे यांसाठी आलेली रूपे अरामी जाणणाऱ्याने सहसा वापरली नसती. खाटीक, मृत्युदूत आणि परमेश्वर यांची नावे तर सरळ हिब्रूच आहेत. 'विकत घेतले' या अर्थी आलेल्या क्रियापदावर अनेक छापील प्रतींत जी स्वरचिन्हे दिली आहेत, त्यांनी अरामीत अर्थ 'विकले' असा होतो! काटेकोर व्याकरणानुसार बापाने करडू घेतले नसून विकलेच आहे. अरामी ही ज्याची बोली नव्हती, पण ग्रंथांतून ओळखीची होती, अशा कोणा युरोपीय ज्यूची ही रचना असावी, हा निष्कर्ष त्यामुळे बळावतो.

त्याला पूरक पुरावा जर्मन लोकगीतांतून मिळतो. 'योकेल'च्या गीतात धनी योकेलला ओट कापायला पाठवतो. तो जात नाही. म्हणून कुत्रा, मग काठी, आग, पाणी, बैल, खाटीक असे एकामागून एक धाडले जातात. कुत्र्यापासून खाटकापर्यंतचा क्रम हद गद्याशी जवळजवळ तंतोतंत जुळतो. फ्रेंच 'बिकेत' या गीतात तर शेळीही आहे. एकोणिसाव्या शतकातील इंग्रज संग्राहक हॅलिवेल यांनी उलट बाजू मांडली : जॅकने बांधलेल्या घराचे इंग्रजी बालगीत हद गद्यावरूनच आले असावे, असे त्यांचे म्हणणे होते. नंतरच्या अभ्यासकांचा कल जर्मन गीत मूळ मानण्याकडे आहे आणि तो अधिक सयुक्तिक वाटतो. योकेलच्या गीतात कोणी कोणाचे ऐकत नाही, शेवटी धनी स्वतः उठतो तेव्हा सगळे कामाला लागतात. हद गद्यामध्ये धन्याच्या जागी परमेश्वर आला आणि विनोदी गाणे न्यायाचे गाणे झाले.

लोककथांच्या आर्ने-थॉम्पसन-उथर वर्गीकरणात अशा कथांचा गट 2030 या क्रमांकाखाली येतो. खुंट्यात दाणा अडकलेली चिमणी सुतार, राजा, राणी, साप, काठी, आग, पाणी, हत्ती अशी दाद मागत फिरते, ही भारतातील अनेक भाषांत सांगितली जाणारी गोष्ट याच कुळातली. पंचतंत्रातील मूषककन्येची कथा (सूर्य, मेघ, वारा, पर्वत, उंदीर) आणि बेरेशीत रब्बा या जुन्या ज्यू भाष्यग्रंथातील अब्राहम-निमरोद संवाद (अग्नी, पाणी, ढग, वारा, माणूस) यांचेही साम्य दाखवले जाते. पण त्यांत बळाची चढती भाजणी आहे, संचयी रचना नाही. त्यांना स्रोत मानणे ओढूनताणून होईल.

रूपकात्मक अर्थांना तोटा नाही. सर्वांत गाजला तो 1731 मध्ये लाइपझिग येथे लेब्रेख्त यांनी मांडलेला : करडू म्हणजे इस्राएल, दोन झुझ म्हणजे मोशे व अहरोन, मांजर असीरिया, कुत्रा बाबिलोन, काठी पर्शिया, आग मॅसिडोनिया, पाणी रोम, बैल सारासेन (मुस्लिम अरब), खाटीक क्रुसेडर आणि मृत्युदूत ऑटोमन तुर्क. दोन झुझ म्हणजे अर्धा शेकेल (हेही जुने चलन), अर्थात बायबलमधील 'निर्गम' या ग्रंथात सांगितलेली डोईपट्टी, असेही एक स्पष्टीकरण आहे. हे सारे गीत रूढ झाल्यानंतरचे आहे. तरी गीताचा दर्जा धार्मिकांच्या लेखी किरकोळ नव्हता. अठराव्या शतकात एकाने त्याची भर सेदेरमध्ये टवाळी केली म्हणून दुसऱ्याने त्याला बहिष्कृत केले. प्रकरण रब्बी हाइम योसेफ दाविद अझुलाई यांच्यापुढे गेले. स्वतः सेफार्दी असूनही त्यांनी बहिष्कार उचित ठरवला. यिद्दिशमध्ये 'हद गद्या' हा शब्द 'तुरुंग' या अर्थीही चालतो.

महाराष्ट्रातील बेने इस्राएल समाजाची उपासनापद्धती सेफार्दी वळणाची. हगादा मराठी भाषांतरासह मुंबईत 1846 मध्ये शिळाछापावर आणि पुण्यात 1874 मध्ये निघाली. पुण्याच्या प्रतीतील चित्रात लुगडी नेसलेल्या बायका बिनखमिराच्या भाकरी करताना दिसतात. पेसाहला कोकणात पूर्वी 'अनाशी ढाकायचा सण' म्हणत, आंबट रसाचे भांडे झाकून ठेवण्यावरून.

आधुनिक काळात गीत सेदेरबाहेर पडले. जर्मन कवी हाइनेच्या 'बाखाराखचा रब्बी' या अपूर्ण कादंबरीत (1840) एक विदूषक ते गातो. चित्रकार एल लिसित्झ्की यांनी 1919 मध्ये कीव्ह येथे त्यावर रंगीत शिळाचित्रांची मालिका काढली. तिच्या अखेरच्या चित्रातील मृत्युदूताच्या मुकुटात काहींना पदच्युत झार दिसतो. अमेरिकन चित्रकार फ्रँक स्टेला यांनी 1982 ते 1984 या काळात त्याच मालिकेला उद्देशून बारा मुद्राचित्रे केली. इटलीत अँजेलो ब्रांदुआर्दी यांच्या 1976च्या गाण्यात करडाच्या जागी उंदीर आला आणि ते तेथे घरोघरी पोचले. अनेकांना त्याचे ज्यू मूळ ठाऊकही नसते.

1989 मध्ये, पहिल्या इंतिफादाच्या (पॅलेस्टिनी उठावाच्या) काळात, इस्रायली गायिका हावा अल्बरस्टाइन यांनी गीताच्या शेवटी नवे प्रश्न जोडले : मारणारा आणि मार खाणारा यांचे हे चक्र कधी थांबणार? कालपर्यंत करडू असलेली मी आज वाघ झाले, असा त्यातला सूर होता. इस्रायलमध्ये त्यावरून वादळ उठले. आमोस गिताई यांच्या 'फ्री झोन' (2005) या चित्रपटाची सुरुवात याच गाण्याने होते : मोटारीच्या खिडकीशी रडणारी नायिका, आणि गाणे संपेपर्यंत न हलणारा कॅमेरा.