केवेदोची स्वप्नं आणि वेलेसचा सैतान: झोपलंय कोण?

रात्र आहे, सैतान आहे, नोटरींची आणि शिपायांची यथेच्छ टवाळी आहे, म्हणजे हे स्वप्नच असणार. असं गृहीत धरून सतराव्या शतकातली दोन स्पॅनिश पुस्तकं सर्रास एका दावणीला बांधली जातात: फ्रान्सिस्को दे केवेदोचं ‘सुएन्योस’, म्हणजे स्वप्नं (१६२७), आणि लुईस वेलेस दे गेवाराचं ‘एल दियाब्लो कोहुएलो’, म्हणजे लंगडा सैतान (१६४१). वेलेसनं शीर्षकाखाली ‘स्वप्नात पाहिलेली सत्यं’ असं छापून गोंधळाला हातभार लावला आहे, हे खरं. पण आतलं पहिलं पान वाचलं तरी तो फिटायला हवा.

स्वप्नात यमपुरी पाहून आलेल्या माणसाची गोष्ट मराठी वाचकाला नव्यानं सांगायला नको, म्हणून केवेदो थोडक्यात. निवेदक जगाच्या अंतावरचं पुस्तक वाचता वाचता डोळे मिटतो. तुतारी वाजते, मढी उठतात आणि आपापले अवयव गोळा करू लागतात. लंपटांना मात्र आपले डोळे सापडायला नको असतात, कारण न्यायासनापुढे तेच उलटी साक्ष देतील. निंदकांना जिभा नकोत. चोर आणि खुनी तर स्वतःच्याच हातांपासून पळत सुटतात. शेवटी आपल्याच खदाखदा हसण्यानं निवेदकाला जाग येते.

आता वेलेस. जुलैअखेरची रात्र, माद्रिदमध्ये अकराचे ठोके पडताहेत. क्लेओफास नावाचा विद्यार्थी एका बाईनं लावलेल्या बालंटामुळे पोलिसांना चुकवत छपरांवरून पळतोय. तो एका ज्योतिषाच्या माळ्यावर घुसतो, तिथं बाटलीत कोंडलेला सैतान उसासे टाकत असतो. क्लेओफास बाटली फोडतो. उपकाराची फेड म्हणून सैतान त्याला सान साल्वादोर चर्चच्या मनोऱ्यावर नेतो. तिथलं घड्याळ एक वाजवतं आणि सैतान घरांची छपरं उचलतो. वेलेस म्हणतो, माद्रिद नावाच्या, मांस भरलेल्या भल्या मोठ्या पेस्ट्रीचे वरचे पापुद्रे सुटले आणि आतलं मांस उघडं पडलं.

या क्षणी क्लेओफास टक्क जागा आहे. झोपलंय ते शहर.

सगळा फरक इथं आहे, आणि तो नुसत्या मांडणीचा नाही. केवेदोच्या स्वप्नात पाहणारा झोपलेला आणि दिसणारी माणसं मेलेली. त्यांचा हिशेब संपलाय, लपवायला वाव उरलेला नाही, समोर न्यायाधीश आहे आणि निकाल लागणार आहे. म्हणून तिथल्या माणसाला नाव लागत नाही, धंदा पुरतो: शिंपी, वैद्य, नोटरी. वेलेसची माणसं जिवंत आहेत आणि सकाळी उठून पुन्हा सोंग घेणार आहेत. स्वतःच्या देखणेपणावर फिदा असलेला एक छैला मिशांना पट्टी बांधून, केसांत कागदाच्या वळकट्या खोवून, हातांना चरबी चोपडून घोरतोय. एका जोडप्यानं सगळा पैसा घोडागाडीत घातला. आता घोडे नाहीत, पण जेवण-झोप त्याच गाडीत. यांना कुणी नरकात धाडत नाही. निकाल नाहीच, फक्त दिसतं. आणि दाखवणारा तरी कोण? त्याच्याही नावानं नरकातून पकडवॉरंट निघालेलं, पाहणाराही फरारी. केवेदोच्या निवेदकाला झोपेमुळे जी निर्दोष जागा मिळते, ती इथं कुणालाच नाही. माझं मत विचाराल तर म्हणूनच वेलेस जास्त बोचतो, जरी वाक्यावाक्याला केवेदोच सरस.

छपरं उचलण्याचं मूळ स्वप्नात शोधणाऱ्यांनी दुसऱ्या शतकातला ग्रीक उपहासकार लुसियन पाहावा. त्याच्या एका संवादात श्रीमंतीची स्वप्नं पाहणाऱ्या चांभाराला त्याचा कोंबडा आरवून उठवतो, आणि मग आपल्या शेपटीच्या पिसानं दारं उघडून धनिकांच्या घरातली रात्र दाखवतो. म्हणजे तिथंही तमाशा सुरू होतो तो जाग आल्यावर.

सीमारेषा पक्की नाही, हेही सांगायला हवं. ‘सुएन्योस’मधल्या पाचांपैकी एका प्रकरणात स्वप्न नाहीच, चर्चमध्ये भूत उतरवणं चाललंय, आणि शिपायाच्या अंगात शिरलेला सैतानच ‘मला या शिपायानं पछाडलंय’ अशी तक्रार करतो. उलट दिवस उजाडल्यावर वेलेस जी दुकानं दाखवतो, जिथं खानदानी आजोबा विकत मिळतात, ती केवेदोच्या शैलीला जवळची. लंगडेपण, जादूची बाटली, वेलेसनं प्रकरणांना ‘उड्या’ म्हणणं या गोष्टींवर पानं खर्च करणाऱ्यांचा मला कंटाळा येतो.

‘स्वप्नाचा आडोसा घेतला की सेन्सॉरपासून सुटका’ हे तर पाठ केलेलं वाक्य. केवेदोची सुटका झाली नाही. १६३१च्या आवृत्तीत त्याला शीर्षकं बदलावी लागली आणि न्यायासनावरून देवाला उठवून रोमन पुराणातल्या ज्युपिटरला बसवावं लागलं.

वाचायचं असेल तर ज्युपिटर दिसेल ती प्रत बाजूला ठेवा आणि १६२७च्या पाठाची घ्या. आणि वेलेस म्हणून, त्याच्यावरून बेतलेलं फ्रेंच लेखक लसाजचं १७०७चं पुस्तक हाती देणाऱ्यापासून सावध राहा. विद्यार्थी तोच, छपरंही तीच, पण वेलेसची ‘उड्या’ मारत सेव्हिलपर्यंत जाणारी भटकंती त्यात नाही, आणि सैतानाचं नाव अस्मोदे.