व्हॉल्व्हमधील दाबघट

पाइपातून वाहणारे पाणी व्हॉल्व्ह ओलांडताना जो दाब गमावते, त्यास व्हॉल्व्हमधील दाबघट म्हणतात. आत पाण्याची वाट आक्रसते, वळते आणि पुढे एकदम रुंदावते. तेथे भोवरे उठतात व दाबाच्या रूपातील ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. मैलोगणती जलवाहिनीत ही घट गौण धरली तरी चालते. घरातल्या आखूड जोडणीत मात्र ती पाइपाच्या घर्षणालाही मागे टाकू शकते.

अंदाजाची रूढ रीत जर्मन अभियंता यूलियस वाइसबाख (१८०६–७१) याच्या सूत्रावर उभी आहे : मीटरमधील घट (पाण्याच्या स्तंभाची उंची) = के × वेग² ÷ (२ × ९.८१); ९.८१ हे गुरुत्वत्वरण. वेग मीटर प्रति सेकंदात घ्यायचा; ‘के’ हा व्हॉल्व्हच्या घडणीवर ठरणारा गुणांक. पूर्ण उघड्या बॉल व्हॉल्व्हचा (आरपार भोक असलेला फिरता गोळा) के सुमारे ०.०५, गेट व्हॉल्व्हचा (वरखाली सरकणारी पाटी) ०.१५, पाणी एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या, झुलत्या पाकळीच्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हचा २ च्या आसपास, तर चकती खाली दाबून मिटणाऱ्या ग्लोब व्हॉल्व्हचा तब्बल ६ ते १०. ग्लोबमध्ये पाणी दोनदा वळून चकतीखालून वर चढते, म्हणून हा फरक. गेट व्हॉल्व्ह अर्धा मिटला की के २.१ होतो, पाऊण मिटला की १७. तक्त्यातक्त्यांत हे आकडे बरेच वेगळे आढळतात, तेव्हा उत्तर दोन दशांशांपर्यंत काढण्यात अर्थ नाही.

गच्चीवरील टाकीतून चालणाऱ्या नळजोडणीत या घटीचा चटका वरच्या मजल्याला बसतो. टाकीतील पाण्याची पातळी शॉवरहून ३ मीटर उंच असेल, तर हाती दाब जेमतेम ०.३ बार. १५ मिमी पाइपातून मिनिटाला १२ लिटर पाणी हवे असल्यास वेग सुमारे १.१३ मीटर प्रति सेकंद होतो. के १० धरल्यास एक ग्लोब पद्धतीचा स्टॉप कॉक ०.६५ मीटर खातो. असे दोन लागोपाठ असले की ३ पैकी १.३ मीटर गेलेच. त्याच जागी बॉल व्हॉल्व्ह असते तर प्रत्येकी फक्त ३ मिलिमीटर गेले असते. तळमजल्यावर तोच कॉक कोणाच्या लक्षातही येत नाही. अशा घरी प्रेशर पंप बसवण्याआधी कॉक बदलून पाहणे शहाणपणाचे.

उत्पादकांच्या माहितीपत्रकात के ऐवजी बहुधा ‘केव्ही’ दिलेला असतो : १ बार दाबफरकाला व्हॉल्व्हमधून ताशी जाणारे पाणी, घनमीटरमध्ये. मग दाबघट (बार) = (प्रवाह ÷ केव्ही)². केव्ही ४ आणि प्रवाह ताशी २ घनमीटर असल्यास घट ०.२५ बार, प्रवाह निम्मा केला की घट चौथाई. अमेरिकी ‘सीव्ही’ मिनिटाला गॅलन व पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच, दाबाचे एकक) यांत असतो, त्याला ०.८६५ ने गुणल्यास केव्ही मिळतो. के आणि केव्ही यांचा दुवा सोपा आहे : केव्ही ≈ ०.०४ × व्यास² ÷ √के, व्यास मिलिमीटरमध्ये. पत्रकातील आकडा मिळाला तर तक्त्याकडे वळू नये. तोंड आतून लहान केलेला बॉल व्हॉल्व्ह किंवा भिंतीत गाडलेला डायव्हर्टर (पाणी नळाकडे की शॉवरकडे हे ठरवणारा व्हॉल्व्ह) तक्त्यातल्या सरासरीत बसत नाही.

घट प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, हा नियम नॉन-रिटर्न व्हॉल्व्हपाशी फसतो. प्रवाह मंद असला की पाकळी पूर्ण उचलली जात नाही, आणि घट सूत्राने सांगितल्यापेक्षा जास्त निघते. विहिरीवरच्या पंपाच्या फूट व्हॉल्व्हलाही (शोषणनळीच्या तळाशी जाळीसह बसवलेला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह) हेच लागू. तो शोषणाच्या बाजूस असल्याने तेथील घट दुहेरी महाग पडते : वीज तर जातेच, शिवाय पंपाच्या तोंडाशी दाब फार उतरून पाण्यात वाफेचे बुडबुडे धरतात व ते इंपेलर (पंपातील फिरते चाक) झिजवतात. जाळीत पाला-शेवाळ अडकले की सारा हिशेब कोलमडतो.

युरोपात घरे उबदार ठेवणाऱ्या रेडिएटरच्या बंदिस्त वळशात उंचीचा प्रश्नच नसतो. जितके पाणी चढते तितकेच उतरते, आणि पंपाला केवळ घटींशी झुंजावे लागते. तेथे व्हॉल्व्हची घट मुद्दाम राखतात : पूर्ण उघड्या नियंत्रक व्हॉल्व्हवर त्या वळशातील एकूण घटीचा निदान तिसरा हिस्सा ते निम्मा पडावा, असा संकेत आहे. त्याहून कमी पडल्यास व्हॉल्व्ह बराच मिटेपर्यंत प्रवाहात फरक दिसत नाही, आणि नंतर प्रवाह एकदम तुटतो.